गिलमोर कुठे आहे?

खालच्या मजल्यावरून आलुबुखारांच्या केकचा वास जिन्याने वर येऊ लागला, की कोलोनमध्ये सप्टेंबर लागला असं मी समजते. आज तो दारापाशी दरवळला आणि सासऱ्यांचा इथला तीन महिन्यांचा मुक्काम आठवला.

पुण्याच्या पोस्टात पत्रं लावण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. इथे भाषा येईना, बोलायला माणूस मिळेना. बिचारे खिडकीत बसून ट्रामी बघत राहायचे. एकदा खालच्या मजल्यावरच्या ऐंशी वर्षांच्या आजी केक द्यायला आल्या आणि बोलता बोलता मनातलं सांगून गेल्या. त्यांचे खापरपणजोबा आयर्लंडहून इकडे कोळशाच्या खाणीत कामाला आलेले. चर्चच्या विवाहनोंदीत त्यांचं जन्मगाव 'गिलमोर' लिहिलेलं. पण तसं गाव आजींना कुठे सापडलं नव्हतं. "अजून वर्षभर वाचता येईल, असं डॉक्टर म्हणतात," त्या हसून म्हणाल्या, पण बशी ठेवताना त्यांचा हात टेबलाची कड चाचपत होता.

मी सासऱ्यांना सगळं मराठीत सांगितलं, तसे ते ताठ बसले.

"अगं, त्यांना म्हणावं, अक्षरं बघू नका, मोठ्याने वाचा. परक्या माणसाने गाव सांगितलं, की लिहिणारा आपल्या कानाने लिहितो. आमच्याकडे असले पत्ते रोज यायचे. ग नसेल तो, क असेल."

आजींनी म्हणून पाहिलं. "किलमोर... गेनाऊ!" जर्मनमध्ये म्हणजे 'अगदी बरोबर!'

किलमोर मात्र आयर्लंडमध्ये ढीगभर निघाली. विवाहनोंदीत खापरपणजोबांच्या आईचं माहेरचं आडनाव होतं, तेवढाच धागा. मग रोज जेवणं झाली की लॅपटॉपवर तिकडच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्यांची छायाचित्रं उघडायची. पुसट शाई, लॅटिन वळणाची नावं. आतल्या खोलीत माझ्या मीटिंगा चालत, आणि बाहेर ही दोघं, एकाला दुसऱ्याची भाषा येत नसताना, तासन्‌तास बोलत बसत.

तिसऱ्या आठवड्यात आरोळी ऐकू आली. "अहो, सापडलं!" सासरे मराठीतच ओरडले आणि आजींना ते बरोबर कळलं. तेच आडनाव, तोच मुलगा, खाली गाव. मी धावत आले तोवर आजींनी सासऱ्यांना गच्च मिठी मारली होती. ते कानापर्यंत लाल होऊन मला विचारत होते, "अगं, यांच्यात अभिनंदन कसं म्हणतात?"

पुढच्या वसंतात आजी बहिणीला घेऊन तिथे जाऊन आल्या. चर्चला छप्पर नव्हतं, त्या आडनावाचं कुणी उरलं नव्हतं. "तरी मी दिसेल त्याला गुड मॉर्निंग म्हणत सुटले," त्या सांगत होत्या. "संध्याकाळीसुद्धा!"

माझ्या मुलीच्या जन्माची नोंद करायला गेले, तेव्हा कारकुनाने माझ्या जन्मगावाचं नाव वाचून विचारलं होतं, "इटलीत आहे का?" पारोळ्याचं 'पारोला' झालेलं. त्याच्या लिपीत ळ नाही, त्याला तो काय करणार? कागद नाव जपतो, पण आवाज माणसानेच जपावा लागतो. परवा मुलीला समोर बसवून म्हणायला लावलं. तिसऱ्या खेपेला जीभ नेमकी वळली, आणि मग ती दिवसभर घरभर 'पारोळा, पारोळा' करत नाचत होती.