तांब्याची तार

हे आजवर कुणापुढे बोललेलो नाही. तुमच्यापुढे बोलतोय, ते तुम्ही माझे कुणी लागता म्हणून नाही. उलट — तुम्ही मला भला माणूस समजता. रहिमानमामांचं नाव निघालं की याचा हात आपोआप आदरानं कपाळाला जातो, असं माझ्याबद्दल सांगता. त्याचाच आता मला राग येतो. तुमचाही येतो. इतक्या वर्षांत एकालाही वाटू नये, की जरा खरवडून बघावं?

मी दाभोळच्या खाडीकडचा. चौथीत शाळा सुटली, आणि मिसरूड फुटल्यावर पोटामागं दौंडात येऊन पडलो. इथं कुत्रंही माझ्या ओळखीचं नव्हतं. रहिमानमामा, सगळ्यांचेच मामा, मोटारींच्या वायरिंगचं काम करायचे. त्यांनी मला गॅरेजात झोपायला जागा दिली, स्वतःच्या ताटाशेजारी ताट मांडलं, पकड कशी धरायची इथपासून शिकवलं. मी ऋणी होतो. होतोच. पण सदा ऋणी असणं काय असतं, ठाऊक आहे? दुसरी भाकरी घेताना समोरचा बघतोय का, हे आधी बघायचं. मामा कधी बघत नसत. ते मला जास्त झोंबायचं.

त्या काळी भीमेपलीकडच्या एका बागायतदारानं — सगळे त्यांना आप्पा म्हणायचे — बाजारची माणसं आणि माल ने-आण करायला इंजिनाची नाव बांधून घेतली. लॉरीचं जुनं इंजिन, बॅटरी, दोन दिवे, भोंगा. आणि तळात झिरपलेलं पाणी उपसायला लष्करी भंगारातली एक लहानशी मोटर. वायरिंग मामांकडं आलं. मामांनी ते माझ्यावर सोपवलं. ‘‘नाव तुझ्या रगतात हाय, कोकण्या. तारेचं तेवढं माझं ऐक.’’

काय ऐकायचं होतं? एवढंच — फ्यूजची तार किती जाड घ्यायची. आमच्याकडं वडील सांगायचे, होडीत दोर लागतो त्यापेक्षा बोटभर जाडच घ्यावा. समुद्राला कच्चं काही देऊ नये. मामांचं नेमकं उलटं. चिनी मातीच्या फ्यूजमध्ये कथलाची बारीक तार ओढत ते म्हणाले, ‘‘नावंतली सगळ्यात कच्ची चीज हीच पायजे. ही जळंल तवा बाकीचं वाचंल. मोटरची भूक बघून जाडी ठरवायची न्हाई, वायरची ताकद बघून ठरवायची. आन् सारखी जळाया लागली तर हिला शिव्या नको देऊ. फुडं काय अडकलंय ते बघ.’’

मला समजलं होतं. हे नीट ऐका — समजलं होतं. वडिलांच्या दोराआड मी लपणार नाही.

फ्यूज सारखा जायला लागला. नदीतला गाळ, शेवाळ मोटरीत अडकायचं. ती फिरायची नाही, वीज नुसती ओढायची, की फ्यूज गेलाच. मग नावाडी महादू डब्यानं पाणी उपसत बसायचा आणि काठावर आप्पा माझी चामडी सोलायचे. ‘‘व्हय रं कोकण्या, तुमच्याकडं होड्या बुडवाया शिकिवत्यात का चालवाया?’’ माणसं हसायची. एकदा ते म्हणाले, ‘‘पुन्यांदा बंद पडली तर गठुडं बांध आन् घाटाखाली जा.’’

आता, मोटर उघडून तोंडाशी जाळी बसवायची, एवढंच काम होतं. पण त्याला दिवस गेला असता, नाव बंद राहिली असती, आणि मामांना विचारावं लागलं असतं. पुन्हा विचारायचं? पुन्हा त्यांनी न रागावता सांगायचं? मी वायरीच्या तुकड्यातली तांब्याची तार पीळ देऊन फ्यूजमध्ये घातली. चांगली जाड. फ्यूज जायचा थांबला. आप्पांनी मला चहा पाजला.

बाजारच्या दिवशी, भर दुपारी, मोटर पुन्हा अडकली. या वेळी फ्यूज जळला नाही — जळली वायर. तळातल्या तेलकट चिंध्यांनी पेट घेतला. बाया किंचाळत कडेला सरकल्या, नाव कलली. महादूनं पेटलेल्या चिंध्या उघड्या हातांनी उचलून नदीत फेकल्या. माणसं वाचली. त्याचे तळहात पुढं कधी पुरते मिटले नाहीत.

काठावर आप्पा गरजले, ‘‘फ्यूज कुणी भरला?’’

मी म्हणालो — अगदी काळजीच्या सुरात म्हणालो — ‘‘मामांनीच. त्यांना हल्ली नीट दिसत नाही, आप्पा. मी किती सांगतो, पण वय झालंय.’’

इतकं गोड खोटं कसं सुचलं? सुचलं नाही. ते माझ्यात मुरत पडलं असणार, त्यांच्या प्रत्येक भाकरीबरोबर.

आरडाओरडा ऐकून धावत आलेले मामा तेव्हा नावेत वाकून फ्यूज काढत होते. त्यांनी माझं बोलणं ऐकलं. हातातली तार उन्हाकडं धरून पाहिली. कथील असतं तर ते वितळून गेलं असतं; ही तांब्याची, लालसर, जशीच्या तशी. एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग मूठ मिटली.

‘‘व्हय,’’ ते आप्पांना म्हणाले, ‘‘चुकलं आसंल माजंच.’’

मला तेव्हा लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटतं ना? संताप आला. आता हाही उपकार माझ्या डोक्यावर? कुणी मागितला होता?

आंधळ्या मिस्त्रीकडं कोण काम देणार? गिऱ्हाईक तुटलं. मामा लेकीकडं शिरूरला निघून गेले. जाताना गॅरेजची किल्ली खिळ्याला तशीच अडकवून गेले, माझ्या हाताला येईल अशी. मी ती घेतली. पुढं माल आणायला जाताना एस्टी शिरूरला थांबायची. बाकीचे चहाला उतरायचे. मी खिडकीचा पडदा ओढून बसायचो. ते गेल्याचं कळलं तेव्हाही गेलो नाही.

आज माझ्या दुकानात फ्यूजऐवजी आपोआप पडणारी बटणं मिळतात. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, हे सारखं पडतंय, मोठं द्या. मी खेकसतो, पुढं काय अडकलंय ते आधी बघ. लोक म्हणतात, मिस्त्री तोंडाचा फटकळ, पण गुरूचं नाव राखलंय.

तार मी घातली होती. मामांना शेवटपर्यंत स्वच्छ दिसत होतं.