अर्धा कोयता

बीडच्या बसस्थानकावरून शिरूर कासारची गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत चाळीस प्रश्नावल्या होत्या आणि डोक्यात हवा. चार वर्षांची पदवी झाली की एम.ए.ची पायरी गाळून थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, हे कळल्यापासून घरचे माझ्याशी जरा अदबीनंच बोलत होते. अडचण एवढीच, की संशोधनाच्या आराखड्यावर मार्गदर्शकाची सही हवी. सर म्हणाले, आधी फिरून ये, सोमवारी सही करतो. अर्जाची मुदतही सोमवारचीच होती. विषय माझा होता : ऊसतोड करणाऱ्या बायकांचं काम.

शिरूरला उतरून जवळच्या एका वस्तीवर पायी गेले. दोन्हीकडं बाभळी, आणि साडीला चिकटणारी कुसळं. वस्तीवर बघते तर घरोघरी कुलपं. शेवटी शेळ्या राखणारे एक म्हातारे बाबा भेटले. मी त्यांना विषयाचं महत्त्व सविस्तर समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तोडीवाली मानसं तोडीच्या दिसांत गावात कशाला घावतील, बाई?"

दिवाळी उरकली की ही गावं रिकामी होतात, हे जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या आराखड्याचं पहिलं वाक्यही तेच होतं. बाबांनी दया येऊन बाजरीची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. त्यांची भाची सखूबाई कडा गावाकडं तोडीला गेली होती, तिचा ठावठिकाणा सांगितला.

दोन गाड्या बदलून कड्याजवळच्या फडात (तोड चाललेल्या उसाच्या शेतात) पोचले तेव्हा उन्हं कलली होती. कडेला पाचटाच्या कोप्या (झोपड्या) होत्या. सखूबाई मोळ्या बांधता बांधताच बोलत होत्या. मुकादमाच्या यादीत नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस आलं तर अर्धा. यादीत नाव मात्र नवऱ्याचं.

मी मान हलवली आणि प्रश्नावलीत 'कुटुंबप्रमुख' या रकान्यात त्यांच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. नाव लिहायला दुसरी ओळच मी ठेवली नव्हती. सखूबाई सातवी शिकलेल्या. वाकून वाचलं आणि म्हणाल्या, "मोळ्या मी बांधते, डोक्यावर मी वाहते. माझं नाव लिव्हा की."

मी ओशाळले, खाडाखोड करून त्यांचं नाव लिहिलं. पण शिकलेल्या माणसाची खोड जाते थोडीच? मी त्यांनाच विचारलं, हे मुकादमाला का सांगत नाही?

"पुढल्या साली काम कोन देईल? तुमचा न्हाई का कुनी मुकादम?"

आमच्याकडं तसलं काही नसतं, असं मी हसून सांगितलं. त्याही हसल्या आणि मोळी उचलून चालू लागल्या.

सोमवारी सरांनी फोनवर बोलत बोलत आराखडा चाळला. छान आहे म्हणाले. यावर आधी एक लेख करू. तो मी लिहायचा, त्यांच्या नावानं छापायचा, तळटीपेत ते माझे आभार मानतील. पेनाचं टोपण त्यांनी काढलं होतं, सही अजून व्हायची होती.

"चालेल सर," मी म्हणाले.

सही झाली, अर्ज गेला. घरी आल्यावर पिशवी रिकामी केली. चाळीसपैकी एकच प्रश्नावली भरलेली होती. तिच्यावर सखूबाईंचं नाव होतं, खाडाखोड करून का होईना. त्यांनी ते निदान मागून घेतलं होतं.