हद्दीवरच्या बारचा मालक

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं माहीत आहे — नेमकं सोयीचं अर्धं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. दुसरं काही मोठं कारण नाही.

ती मालिका तुम्ही पाहिली असेल. गुजरातच्या हद्दीला खेटून असलेला बार, तिकडे दारूबंदी म्हणून इकडे लोटणारी गर्दी, आणि गल्ल्यावर बसलेला तो दाढीवाला मालक — गळ्यात जाड साखळी, तोंडात शिवी, पोलीस खिशात. शेवटी तो आपल्याच वेटरला मारून बारच्या मागे पुरतो. इथे मेलबर्नमध्ये आमच्या ग्रुपला तर त्या माणसाचं वेडच लागलं होतं. मालिकेत नाव बदललं होतं. पण माणूस खरा होता.

तो माझा बाप होता. आण्णा.

साधू नव्हते हो आण्णा. हप्ते द्यायचे, माणसं झोडायचे. एकदा एका ट्रक ड्रायव्हरचा हात मोडला होता त्यांनी. ते सगळं खरं. पण बारवाल्याचा पोरगा म्हणून माझ्याकडे कोणी बोट दाखवू नये, म्हणून त्यांनी मला नाशिकच्या शाळेत घातलं आणि पालक म्हणून मामाचं नाव लावलं. स्वतः कधी फाटकाच्या आत आले नाहीत. एकदाच आले. मला टायफॉईड झाला आणि मामा बाहेरगावी होता, तेव्हा शाळेच्या दवाखान्यात माझ्या उशाशी बसून राहिले — माझा काका म्हणून. त्याच दिवशी तिकडे तो वेटर मारला गेला.

कळतंय ना? आण्णा तिथे नव्हतेच. पोलिसांना एवढं सांगितलं असतं की झालं असतं. पण मग पोलीस शाळेत आले असते, मी कोणाचा कोण ते सगळ्यांना कळलं असतं. म्हणून ते गप्प बसले. कित्येक महिने आत काढले, पुराव्याअभावी सुटले, आणि खुनी हा शिक्का कपाळी बसला तो कायमचा. हे मला पुढे आईने सांगितलं. म्हणजे मला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

आता मघापासून जे टाळतोय ते सांगतो.

आई गेल्यावर आण्णा इथे मेलबर्नला, पॉइंट कुक उपनगरात आमच्याकडे आले. दाढी काढलेली, थकलेले, अंगावर माझा जुना स्वेटर. विमानतळावरून येताना गाडीतच मी त्यांना बजावलं — कोणी विचारलंच तर खताचं दुकान होतं म्हणायचं. ते "बरं" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

रविवारी दुपारी आमच्याकडे ग्रुपचं पॉटलक होतं, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणलेला. आण्णा हळूच उठले आणि जुन्या सवयीने सगळ्यांचे ग्लास भरू लागले — बाटली तिरकी धरून, एक थेंब न सांडता. "काका, सॉलिड! पबमध्ये शिफ्ट मिळेल तुम्हाला, नो वरीज!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. मग मालिकेचा विषय निघालाच. "अरे, तू तिकडचाच ना? त्याने खरंच मारलं होतं का रे, की टीव्हीवाल्यांनी तिखटमीठ लावलंय?"

मी माहीत नाही म्हणू शकलो असतो. गप्प बसू शकलो असतो — नुसतं गप्प! ते तर मला चांगलं जमतं. पण मी हसलो. आण्णांच्या समोर, हसत हसत म्हणालो, "त्यानेच मारलं, मेट. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. नीच माणूस होता."

का बोललो? पकडले जाऊ या भीतीने? इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. पण नुसती भीती नव्हती ती. बोलताना मला — कसं लिहू हे? — बरं वाटलं. लहानपणापासून त्यांची जी लाज वाटत आली होती, ती एकदाची तोंडातून बाहेर पडली.

माझी लेक ईरा त्यांना टेकून बसली होती. तिने विचारलं, "आजोबा, डिड यू एव्हर सी हिम? लाइक, फॉर रिअल?"

आण्णांनी बाटली खाली ठेवली. तिच्या केसांवरून हात फिरवला. "लांबून बघितला होता, बाळा," ते म्हणाले. "बाबा म्हणतो ते खरंय. वाईट माणूस होता."

पुन्हा एकदा त्यांनी मला झाकलं. आणि मी झाकू दिलं. थोड्याच दिवसांत ते परत जातो म्हणाले, मी राहा म्हणालो नाही. पुढे फोनवर ते इथल्या थंडीचं विचारायचे, ईराचं विचारायचे. त्या दुपारबद्दल एक शब्द नाही — ना त्यांचा, ना माझा.

मागच्या वर्षी आण्णा गेले. ग्रुपमधले सगळे डबे घेऊन भेटायला आले, त्याच सोफ्यावर बसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून एकजण म्हणाला, "काका म्हणजे देवमाणूस होते रे." बाकीच्यांनी हो हो केलं. सगळे माझ्याकडे बघत होते. आता तर खरं सांगून आण्णांना काही व्हायचं नव्हतं, मलाही काही व्हायचं नव्हतं.

मी मान डोलावली, आणि चहा टाकायला आत गेलो.