आठ महिने बाहेर

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. धाकट्या जावेनं ती तीस वर्षं सोसली. जावा जावा, उभा दावा म्हणतात, पण भांडायला दोघी लागतात आणि ती भांडायचीच नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा.

आमचं गाव वेल्ह्याकडं, डोंगराच्या पायथ्याला. भाताची शेती, दोन्ही भावांची चूल एकच, देवीचा नैवेद्य आमच्या घरातून जायचा. पाळी आली की बाईनं चार दिवस पडवीत बसायचं. चुलीला शिवायचं नाही, पाण्याला शिवायचं नाही. सासू गेल्यावर हे राखायचं काम माझ्याकडं आलं आणि मी ते सासूपेक्षा कडक राखलं. खोटं कशाला बोलू, मला त्यात गोडी लागली होती.

माझी पाळी आधी गेली. तेव्हा अंगाची नुसती आग व्हायची, थंडीत घाम फुटायचा, कारण नसताना रडू यायचं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोन-तीन वर्षांनी धाकटीचं तेच सुरू झालं. भातलावणीत ती मधेच उठायची आणि ओहोळाचं पाणी तोंडावर मारत बसायची. मला सगळं कळत होतं. तरी बायकांदेखत म्हटलं, “हिच्या अंगात आलंय, लिंबू उतरा हिच्यावरनं.” बायका हसल्या. मी मुकाट सोसलं, मग हिनंही सोसावं, असं मला वाटायचं.

पुढं तिचीही पाळी बंद झाली. दोन वर्षं काही नाही. तिला वाटलं, सुटले. मग एका सकाळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “अक्का, परत दिसतंय.”

“म्हातारचळ लागला व्हय गं?” मी म्हटलं. “पुन्हा तरणी झालीस. जा, बाहेर बस.”

ती बसली. चार दिवसांनी न्हाऊन आत आली, पंधरा दिवसांनी पुन्हा बाहेर. मग दहा दिवसांनी. कधी डाग, कधी नुसतं पाणी. एकदा म्हणाली, “वास येतोय अक्का. दवाखान्यात जाऊ का?”

“जाताना असंच जातं,” मी म्हटलं. “माझं बी असंच झालं. म्या गेले का डॉक्टरकडं?”

ते खोटं होतं. माझी गेली ती गेली, परत कधी दिसली नाही. हे माहीत असून मी बोलले.

आठव्या महिन्यात ती गोठ्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा मी तिला घेऊन निघाले. एसटीनं कापूरहोळ, तिथून भोर. सगळा रस्ता ती खिडकीला डोकं टेकून होती. डॉक्टरीणबाई वयानं लहानच. तपासून झाल्यावर आम्हा दोघींना समोर बसवलं.

“पाळी बंद होऊन वर्ष उलटलं की नंतर एक डाग दिसला तरी लगेच दाखवायचं असतं. ती पाळी नसते. किती दिवस झाले?”

“आठ महिने.”

“मग आठ महिने काय केलंत?”

“बाहेर बसले,” जाऊ म्हणाली.

बाईंना आधी कळलंच नाही. मग म्हणाल्या, “कुणी बसवलं?”

मी पदर तोंडाला लावला. वाटलं, आता घेईल माझं नाव. घ्यावं, असंही वाटलं. ती खाली बघत म्हणाली, “कुणी न्हाई. आमच्यात रीतच हाय तशी.”

पुण्याला पाठवलं. पिशवीचा कॅन्सर, सगळीकडं पसरलेला. दिवाळी तिनं पाहिली नाही. शेवटचे दोन महिने मी तिचं सगळं केलं, धुणं, पुसणं, कूस बदलणं. एकदा जरी तिनं शिवी घातली असती तरी मला बरं वाटलं असतं. तेवढंही तिनं दिलं नाही.

दहाव्याला नदीवर बायका म्हणाल्या, “थोरलीनं लई केलं बाई तिचं. अशी जाऊ मिळायला नशीब लागतं.”

मी मान डोलावली.