लाल पेन खुर्ची सांभाळतं तेव्हा

साऱ्या शाळा पर्यवेक्षिकाबाईंना पाठीमागे 'लाल पेन' म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. वीस वर्षं त्यांचा एकच खाक्या: हजेरीपट काढा, नोंदवह्या काढा, चुकांवर लाल रेघ मारा, चला पुढच्या शाळेत! मुलं शिकतात कशी, हे बघायला सवड कुणाला होती?

मग त्यांच्या टेबलावर एका मुख्याध्यापकांचा अर्ज आला. 'मला या पदावरून मोकळं करा.' बाई हादरल्याच. गणित शिकवावं तर या माणसानं! आणि तो दिवसभर पत्रांना उत्तरं खरडत बसला होता. आता तो जाणार, नि त्याला असं कागदांत पुरणाऱ्यांत आपणही होतो, हे त्यांना फार लागलं. अर्जावर महिनाअखेर शेरा द्यायचा होता.

बाई अर्ज घेऊन तडक शाळेत गेल्या.

"सर, उठा त्या खुर्चीतून! आठवड्यातून एक तास ती माझी. फोन मी घेते, पालकांशी मी बोलते. तुम्ही पाचवीत मागच्या बाकावर बसा."

"अहो, पण बाई..."

"पणबिण काही नाही. महिनाभर बघा. नाहीच जमलं, तर शिफारस मीच करते. हा अर्ज तोवर तुमच्याकडे."

सरांनी अर्जाची घडी करून खिशात घातली.

पहिल्याच तासाला माशी शिंकली. नव्या शिक्षिका अपूर्णांक शिकवत होत्या. एका मुलीनं ठासून सांगितलं, "चार मोठे, म्हणून एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा!" सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. सरांचे हात शिवशिवले. ताडकन उठून त्यांनी शिक्षिकेच्या हातून खडू घेतला आणि असं झकास समजावलं की वर्ग खूश. शिक्षिकेचं तोंड मात्र एवढंसं झालं.

सर छाती फुगवून ऑफिसात आले आणि सगळं सांगितलं.

"शाबास," बाई म्हणाल्या. "उद्या दुसरी अडचण आली की त्या शिक्षिकेनं काय करायचं? तुम्हाला हाक मारायची?"

सर वरमले. बाईही वरमल्या, कारण लाल पेनानं तरी आजवर दुसरं काय केलं होतं? दोघांनी मिळून नियम ठरवला: खडूला हात लावायचा नाही. मुलं काय बोलतात ते टिपायचं, आणि नंतर शिक्षिकेला एकच प्रश्न विचारायचा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी शिक्षिका धावतच ऑफिसात आल्या. हातात कागदाच्या पट्ट्या, आनंदानं धाप लागलेली.

"बाई, जमलं! सरांनी विचारलं होतं, मुलांच्या हातात काय देता येईल? मी पट्ट्या दिल्या. घड्या घालून तीच मुलगी म्हणाली, वाटेकरी वाढले की वाटा लहान! तास संपला तरी मुलं सरांना सोडत नाहीयेत. त्यांनी टिपलेलं हे तुम्हाला दाखवायला दिलंय."

कागद बारीक अक्षरांनी गच्च भरला होता. इतक्यात फोन वाजला. बाईंचे साहेब होते.

"त्या अर्जाचं काय झालं? मुख्याध्यापकांना द्या बरं फोन."

बाईंनी कागद उलटला. तो अर्जच होता. त्यांना हसूही आलं आणि डोळेही भरले.

"मुख्याध्यापक वर्गात आहेत, साहेब," त्या म्हणाल्या. "आणि त्यांना एक वही पाठवा. अर्जाची पाठ भरली."