ताईनं आणलेली माणसं

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. बाबा जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत निवृत्तीला आले होते, मी भंडाऱ्याला एका शाळेत शिकवत होते आणि माझी थोरली बहीण परदेशात आपल्या वकिलातीत अधिकारी होती. ती होती त्या देशात सैन्यातच दोन तट पडले. राजधानीत गोळीबार सुरू झाला, विमानतळ बंद पडला. आम्ही टीव्हीसमोरून हलेनासे झालो.

अशात फॅक्टरीच्या कॉलनीच्या गेटवरून निरोप आला की लाखांदूरकडची काही माणसं आली आहेत आणि तुमचं नाव सांगताहेत. बाबा जाऊन त्यांना घेऊन आले. एक म्हातारी, तिची सून आणि त्यांच्या गावची दोघंतिघं. म्हातारीचा मुलगा त्या शहरात वेल्डर होता. एजंटनं नेलेला, पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेतलेला.

"तुमची पोरगी तिथं साहेब हाय म्हनते," म्हातारी म्हणाली. "माया पोराले आनाले सांगा न जी."

आईनं भात टाकला. माणसं जेवली, पण कुणी जायचं नाव घेईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. ताईच होती. बाबा नुसतं "हाव, हाव" म्हणत ऐकत राहिले. फोन ठेवून त्यांनी आम्हा दोघींना आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं.

"कामगारांच्या बसा आजच निघून राहिल्या. पण बाहेर एक शब्द नाही. या लोकायनं तिकडं फोन केला, रस्ता कुणाच्या कानावर गेला, तर बस अडवतील."

"आणि ताई?" मी विचारलं.

"ते नाही बोलली."

आम्ही बाहेर आलो तेव्हा सगळे आमच्या तोंडाकडे बघत होते. बाबा म्हणाले, "प्रयत्न चालू आहेत." मी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. सून मागोमाग आली. तिनं माझं मनगट धरलं.

"मॅडम, तुमाले मालूम हाय. काहून लपवून राहिले? मेला का तो?"

"नाही, नाही. तसं काही नाही."

"मंग काय हाय?"

मी मोकळ्या हातानं पेल्यात पाणी ओतलं. तिची बोटं माझ्या हातात रुतत गेली. शेवटी तिनंच हात सोडला आणि बाहेर जाऊन बसली.

संध्याकाळी टीव्हीवर एक जळकी बस दाखवली. रस्त्याच्या कडेला, काचा फुटलेली. बातमीदारानं एवढंच सांगितलं की आत परदेशी कामगार असावेत. म्हातारीनं ऊर बडवून घेतला. तिला बस निघाल्याचं माहीत नव्हतं, आम्हाला होतं. बाबा भिंतीला टेकून उभे राहिले, डोळे मिटून. आई मात्र म्हातारीजवळ जमिनीवर बसली.

"माई पोरगीबी तिथंच हाय," ती म्हणाली. मग दोघी एकमेकींना धरून राहिल्या.

अंधार पडल्यावर ताईच्या एका सहकाऱ्याचा फोन आला. आपल्या बसगाड्या सरहद्द ओलांडून गेल्या होत्या. जळालेली बस दुसऱ्या कुणाची होती. ताई मात्र आलेली नव्हती. ज्यांच्याकडे पासपोर्ट नव्हते त्यांची कागदं करून द्यायला ती मागं थांबली होती, आणि वेल्डर त्यांच्यातच होता. पुढचे दोन दिवस आम्ही आणि ती माणसं, सारखेच झालो. मग मागं राहिलेल्यांचीही बस पोचली. ताई सगळ्यांत शेवटी बसमध्ये चढली होती, असं वेल्डरनंच नंतर सांगितलं.

सुट्टीवर आली तेव्हा ताई लाखांदूरकडे त्यांच्या घरी गेली, मला घेऊन. म्हातारीनं तिच्या पायांना हात लावला. सून दारात उभी होती.

"तुमी आनलं, उपकार झाले," ती म्हणाली. "पन हा परत जाऊन राहिला. तोच एजंट आला होता. कितीदा आनसान?"

ताईनं एजंटाच्या दुकानाचा पत्ता विचारून घेतला.

वर्षभरात तिनं नोकरी सोडली आणि निवडणुकीला उभी राहिली. बाबा संतापले. आमच्या सात पिढ्यांत कुणाला मिळाली नाही अशी नोकरी, म्हणाले, आणि ही लाथाडते! त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पहिली निवडणूक ती हरली. दुसऱ्यांदा जिंकली, पुढे केंद्रात मंत्री झाली. शपथविधीला बाबा गेले नाहीत. टीव्हीवर पाहिलं, आणि मग बराच वेळ न्हाणीघरातला नळ सोडून आत राहिले.

मजूर पाठवणाऱ्या गावोगावच्या छोट्या एजंटांवरही तिनं परवान्याची सक्ती आणली. मंत्रालयात, पक्षात, सगळीकडे भांडून आणली. पळवाटा राहिल्याच. पण लाखांदूरकडच्या त्या एजंटाचं दुकान बंद झालं.

त्यानंतर एकदा सुनेचा मला फोन आला. वेल्डरचा तिसऱ्यांदा जायचा बेत फिसकटला होता, तो आता गावातच ग्रिल-दरवाजे करत होता.

"हा तुमच्या ताईले रोज शिव्या देते," ती म्हणाली.

मी ताईच्या वतीनं माफी मागायला लागले.

"देऊ द्या," ती म्हणाली. "घरी बसून देते न."