दुपारची सही

आमच्या नेरूळच्या कॉलेजात प्राध्यापकांच्या कार्यशाळेची हजेरी एका क्लार्क ताईंकडे असते. जवळच्याच सारसोळे गावच्या, कंत्राटावर. बोलताना त्या कागदाच्या कडा सरळ करत राहतात. दोन्ही सत्रांच्या सह्या सकाळीच ठोकून जेवणानंतर पसार व्हायची आम्हा प्राध्यापकांची रीत. बढतीसाठी प्रमाणपत्र तेवढं हवं असतं.

परवा सकाळी विभागप्रमुख म्हणाले, "ताई, दुपारचाही कागद द्या. तुमचं कंत्राट माझ्याच शेऱ्यावर वाढतं ना?"

"हाय ना, सर. पन दुपारची सही दुपारी."

ते हसत निघून गेले. चार वाजता ताईंनी त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं आणि मला विचारलं, "सर, साक्षीला सही करता?"

पेन खिशातच होतं. तरी मी ते बराच वेळ शोधत राहिलो.